एका हंगामाचा संघ

लालबागच्या आमच्या मंडळाचा मुलींचा पगारी कबड्डी संघ एकच हंगाम टिकला. एका कापड व्यापाऱ्याने तो पोसला होता. मी डावा कोपरा सांभाळायचे. यंदा मंडळाच्या इतिहासाचा नवा फलक हॉलमध्ये आला; अनावरणाचा पडदा लागण्याआधीच मी तो वाचला. त्यात आमच्या वाट्याला एक ओळ: ‘मुलींची लग्ने झाल्याने महिला संघ बंद पडला.’

लग्नं? आमच्यातल्या तिघी लग्न झालेल्याच होत्या. एक तर तान्हं बाळ सासूकडे सोपवून सरावाला यायची.

संघ बुडाला तो खड्ड्यात. गणपतीचा मंडप आमच्याच मैदानात पडायचा. मंडप उतरला की बांबूंचे खड्डे चाळलेल्या मातीने भरायचे, पाणी मारायचं, चोपायचं, ही मैदानाची रीत. त्या वर्षी मंडळाने विटांचे तुकडे आणि डेब्रिस ढकललं, वर चार बोटं माती. पायाखाली पोकळ लागतंय, हे आम्ही कार्यवाहांना सांगितलं.

"बायकांना मैदान दिलंय ना? मग खेळा की गपचूप," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात सरावात आमची मुख्य चढाईपटू कोपऱ्याला शिवून मध्यरेषेकडे वळली आणि तिचा पाय आत गेला. गुडघा कायमचा गेला. निम्मे गुण तीच आणायची. आम्ही तळाला गेलो, व्यापाऱ्याने अंग काढून घेतलं.

परळच्या चाळीतली ही पोरगी. तिने लग्न केलंच नाही. आजही जिना एकेक पायरी थांबत उतरते.

तेव्हाचे कार्यवाह आता अध्यक्ष आहेत. मी सरळ त्यांच्या घरी गेले.

"दादा, ती ओळ काढा."

"अगं, छापून झालंय आता. आणि लग्न म्हणजे काय वाईट गोष्ट आहे?"

"जिचं झालंच नाही, तिचं काय?"

"तिचं नाव कुठे लिहिलंय आम्ही?"

"तेच तर! तेही नाही लिहिलंत."

मग म्हणाले, "अनावरणाला सगळ्या जणी या. शाल-श्रीफळ ठेवलंय तुमच्यासाठी."

मी तिला फोन केला. सगळं ऐकून ती हसली. "येते ना. पण पकड तू करायची हां. मला काय आता पळायला जमत नाय."

रविवारी आम्ही सगळ्या गेलो. अध्यक्ष पडद्याची दोरी ओढायला पुढे आले, तशा आम्ही फलकासमोर हातात हात घालून उभ्या राहिलो, बचावाला राहायचो तशाच. मधोमध ती.

"हा काय तमाशा?" अध्यक्ष ओरडले.

"खड्ड्याचं लिहा, तिचं नाव लिहा. मग होतो बाजूला."

शाली पिशवीत परत गेल्या. पाहुणे वडे खाऊन निघाले. फलकावर अजून पडदाच आहे. नवा कधी करता, हे विचारायला मी दर रविवारी अध्यक्षांच्या दारात जाते. हल्ली त्यांची बायको दार उघडते आणि म्हणते, "या, आहेत आतच."