अक्काची जोडी

फोन कस्तुरीअक्कांच्या नंबरावरून आला होता. म्हणून मी उचलल्या उचलल्या बोलायला सुरुवात केली, की आता बरंय मला, तुम्ही पोचलात का, मिल कशी आहे. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. आधी कन्नडमध्ये, मग माझं मराठी ऐकून मराठीत. मी बसचा कंडक्टर, गाडी खजुरीला येऊन उभी आहे, अम्मांच्या फोनमध्ये शेवटचा नंबर तुमचा दिसला म्हणून लावला, असं तो म्हणाला. "ह्या अम्मा उठंना गेल्यात." मी म्हणाले, दमल्या असतील हो, गुलबर्ग्याला जाऊन आल्यात, डोळा लागला असेल, जरा हलवा त्यांना. मी पुन्हा म्हणाले, खांद्याला धरून हलवा की. "हलवून बघितलं बाई," तो म्हणाला. "तुमी या."

याला आता सहा आठवडे झाले. अक्का गेल्या हे मला कळतं, शाळेत त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई बसतात तेही दिसतं, पण डोक्यात माझंच वाक्य अडकून बसलंय, जरा हलवा त्यांना. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, एका क्षणाचं काम, शेजारी कोणी असतं तरी फार काही करता आलं नसतं. शेजारी एक बाई होती म्हणे. ती आळंदला उतरली. अक्कांची मान खिडकीला टेकलेली बघून, त्यांची झोप मोडू नये म्हणून पदर सावरत, हळूच उतरली. चूक कोणाचीच नाही. रागवायला कोणी सापडत नाही, याचाच मला सारखा राग येतो.

आमची शाळा खजुरीपासून तीन किलोमीटरवर, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. शिक्षक दोघीच. कस्तुरीअक्का मुख्याध्यापिका, आणि मी. त्यांच्या घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी उर्दू. भांडताना मात्र तिन्ही एकदम यायच्या. मुलं त्यांना बाई म्हणत नसत, अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. वर्गात त्या तशा साधारणच शिकवायच्या, खोटं कशाला सांगू. फळ्यावरचं अक्षर तर माझं त्यांच्यापेक्षा बरं. पण पोरं घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या की ही बाई निराळीच व्हायची. पोस्ट, पिठाची गिरणी, पेट्रोल पंप, कुंभाराचा आवा, सगळीकडे आमची वरात जायची. आणि मला सहली आवडत नाहीत. मला गाडी लागते, ऊन सोसत नाही, आणि चाळीसेक पोरांना रस्ता ओलांडून नेताना माझा जीव टांगणीला लागतो. मी नाक मुरडायचे आणि त्या मला ओढत न्यायच्या. दहा वर्षं हेच चाललं.

एकदा तिसरीच्या पुस्तकातल्या नकाशावर एका मुलीनं बोट ठेवलं आणि विचारलं की कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या मधली ही जाड रेघ कुठं आहे. मी म्हणाले असते, ती सीमा, पुढं वाच. अक्कांनी दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग उचलला आणि रेघ शोधायला निघाल्या. आम्ही रानारानानं भर उन्हात चाललो. एक दगड सापडला. त्याच्या अलीकडे तूर आणि पलीकडेही तूर. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, दोन्हीकडचं रान माझंच हाय, रेघबिघ मला ठाऊक न्हाई. त्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. पुस्तकातली रेघ इथं न्हाई, असं ती रडवेली होऊन म्हणाली. अक्कांनी पिशवीतून पेन्सिल काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मंग लिही पुस्तकात. आमी बघून आलाव, न्हाई म्हणून." त्या वर्षीच्या तिसरीच्या सगळ्या पुस्तकांत त्या रेघेखाली पेन्सिलीनं 'नाही' लिहिलेलं आहे. तपासायला आलेल्या साहेबांना ते समजावून सांगताना माझी दमछाक झाली होती. अक्का तेवढ्यात चहा सांगायला म्हणून बाहेर निघून गेल्या होत्या.

त्यांच्या सहलीचा एक नियम होता आणि तो दुसऱ्या कुठल्या शाळेत मी पाहिलेला नाही. फाटकाबाहेर पडताना प्रत्येक पोराची जोडी लावायची. परत गाडीत बसल्यावर पाचवीतली मोठी मुलगी एकेकाचं नाव घेऊन विचारणार, अमक्याची जोडी? ज्याचं नाव घेतलं त्यानं तोंड उघडायचं नाही. त्याच्या जोडीनं म्हणायचं, हाय. आणि जोडी 'न्हाई' म्हणाली, तर गाडी हलायची नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी उठून खाली उतरायचं आणि शोधायचं. मी नवी होते तेव्हा म्हणाले होते की सरळ डोकी मोजावीत, एवढा खटाटोप कशाला. तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्गात सवताचं हजर म्हणतेतच की लेकरं. भाईर निघाल्यावर दुसऱ्याचं सांगाया शिकू दे."

हा नियम एकदाच फसला, आणि तोही त्यांच्यावरच उलटला. बसवकल्याणचा किल्ला बघून आम्ही निघालो होतो. नावं घेऊन झाली, सगळ्या जोड्या 'हाय' म्हणाल्या, एकही चुकली नाही. मी पुढच्या सीटवर तोंडावर पदर घेऊन बसले होते, मला मळमळत होतं. गाडी निघाली. हायवेला लागून चांगले सात-आठ किलोमीटर गेलो असू, तेव्हा पहिलीतल्या एका पोराला उलटी झाली. लिंबू नेहमी अक्कांच्या पिशवीत असायचं, म्हणून सगळी पोरं 'अक्का, अक्का' करू लागली. अक्का गाडीत नव्हत्या. गाडी वळवून परत जाईपर्यंत मी किती देवांना काय काय बोलले ते मलाच माहीत. जाऊन बघतो तर अक्का किल्ल्याच्या दरवाज्यात पायरीवर बसलेल्या, मांडीवर कुठल्याशा पोराची विसरलेली एक चप्पल, आणि शेजारी पहारेकऱ्याशी दखनीत गप्पा. शेंगा खाणं चाललं होतं. मी रडायलाच लागले. त्यांनी मला न विचारता नावं घेणाऱ्या मुलीला विचारलं, सगळ्या जोड्या बरोबर आल्या होत्या का? ती व्हय म्हणाली. अक्कांना इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणाल्या, मग मोजणी बरोबर आहे, माझीच जोडी लावायची राहिली.

तिथंच पायरीवर मुलांनी ठरवून टाकलं की अक्कांची जोडी बाई. मला कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून प्रत्येक सहलीत सगळ्यात शेवटी विचारलं जायचं, अक्काची जोडी? आणि मी म्हणायचे, हाय. मोठ्या बाईमाणसानं असं ओरडायला सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर ते म्हटल्याशिवाय सहल संपल्यासारखी वाटेना.

जोडी झाले म्हणून आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक सहलीआधी एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, अक्का ती जागा स्वतः जाऊन बघून यायच्या. याला त्या रिकामी सहल म्हणायच्या, कारण पोरं नसायची. तिथलं पाणी पिऊन बघायचं. संडासाच्या दाराची कडी लावून बघायची. आणि मग मध्येच, माणसांच्या गर्दीत, साडी सावरून उकिडवं बसायचं आणि पहिलीतल्या पोराच्या उंचीवरून काय दिसतं ते बघायचं. आळंदच्या पोस्टात त्या अशा बसल्या तेव्हा काउंटरमागचा माणूस उठून उभा राहिला, अम्मांना चक्कर आली म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. "तू कामून लाजायलीस?" त्या खालूनच म्हणाल्या. "बस की खाली. हितनं नुस्ती फळीच दिसायलीय."

यंदाची सहल गुलबर्ग्याच्या डाळमिलची होती. आमची पोरं तुरीच्या रानात वाढतात, दुपारी शाळेत तुरीचंच वरण खातात. पण मधे काय होतं ते एकाही पोरानं बघितलेलं नव्हतं. एकानं तर मला सांगितलं होतं की डाळ दुकानात पिकते. अक्कांनी मिलच्या मालकाची परवानगी काढली आणि रिकाम्या सहलीचा शनिवार ठरवला. आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि सांगितलं की मला सर्दी झालीय, अंग कसकस करतंय, मला जमणार नाही.

मला सर्दी झालेली नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. येता-जाता अडीच-तीन तासांची बस, डोक्यावर ऊन... मला नुसता कंटाळा आला होता. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गरम पानी पे आन् झोप. मी एकटीच जाऊन येते, रिकामीच तर सहल हाय." मी बरं म्हणाले आणि सुटल्यासारखं वाटून घेतलं. शनिवारी दुपारी त्या बसमध्ये होत्या तेव्हा मी जेवून, पंखा लावून, गाढ झोपले होते. मध्ये त्यांचा एक फोन येऊन गेला होता. तो मी अर्धवट झोपेत बघितला आणि घेतला नाही. उठल्यावर करू म्हटलं. काय सांगायचं होतं त्यांना, कुणास ठाऊक.

त्या लिंगायत, त्यांच्यात मातीत ठेवतात, बसवून. विभूती लावून, हार घालून त्यांना खड्ड्यात बसवलं तेव्हा मी बायकांच्या गर्दीतून बघत होते. बसमध्ये सीटवर मी त्यांना जसं बघितलं होतं तशाच त्या मातीतही बसलेल्या होत्या. शेजारी जागा नव्हती, एवढाच फरक. त्यांचे यजमान शिवराजअण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, तुझी सर्दी कमी झाली का? मला वाटलं धरणी फाटावी. ते मला टोचून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी अक्कांची पिशवी आणून दिली, शाळेची आहे म्हणून. आत वही, लिंबू, पेन्सिल आणि गुलबर्ग्याच्या दुकानाची एक पुडी. त्यात सुंठ होती.

ती सुंठ मी अजून फोडलेली नाही आणि फेकलेलीही नाही.

सहल रद्द झाली असं मी धरूनच चालले होते. पण पाचवीतल्या रेणुकानं एक दिवस माझ्यासमोर कागद ठेवला. शेहेचाळीस पोरांच्या तेवीस जोड्या, अक्कांनी सांगितल्याप्रमाणे एक मोठा आणि एक लहान. तिनं विचारलं, बाई, कधी जायचं? मला नाही म्हणवेना. वही उघडली. अक्कांनी डाळमिलचं एक पान भरून लिहिलं होतं. आत धूळ फार, रुमाल आणायला सांगणे. पट्ट्याजवळ कोणी जाऊ नये, दोरी धरणे. चाळणीजवळची खिडकी उंच, लहान लेकरांना काहीच दिसायचं नाही, बाकडं मागून घेणे.

गेल्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो. मी बाकडं मागून घेतलं. मग सगळ्या हमालांच्या समोर साडी सावरून उकिडवी बसले आणि बघितलं. बाकड्याशिवाय खरंच फक्त भिंत दिसत होती. पोरं चाळणीवरून टरफल उडताना बघून हरखली. दुकानात डाळ पिकवणारा तो मुलगा टरफल-कणीची मूठभर चुनी खिशात घालून बाहेर आला आणि म्हणाला, आमच्या म्हशीला हेच घालतेत की. अक्कांनी हे ऐकलं असतं तर गावभर सांगत फिरल्या असत्या. दिवसभर मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता, पोरं मोजत होते.

निघताना गाडीत सगळे बसले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. रेणुका मध्ये उभी राहून एकेक नाव घेत गेली आणि एकेक 'हाय' येत गेलं. शेवटचं नाव झालं. मी दाराशी उभी होते. तिनं कागद घडी केला आणि सवयीनं म्हणाली, अक्काची जोडी?

म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडावर हात धरला. गाडीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. चला म्हटलं असतं, गाडी निघाली असती. पण जोडीला विचारल्यावर जोडीनं सांगायचं असतं, आणि एकदा मी खोटं सांगून बसले होते.

मी म्हणाले, "न्हाई."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो दरवर्षीचाच होता, त्याला नियम माहीत होता. मागच्या सीटवरची दोन पोरं उठली. मग त्यांच्या पुढची. त्यांना सगळं ठाऊक होतं, मातीला आली होती ती पोरं. तरी एकेक करत शेहेचाळीसही जण उठले, जोडीजोडीनं हात धरले आणि माझ्या बाजूनं खाली उतरू लागले. मी त्यांना बसा म्हणायला हवं होतं. बराच वेळ म्हणालेच नाही.