गच्चीची चावी आणि मृगातला लाल ढग

सेक्रेटरीकाका गच्चीची चावी परत मागायला आले, तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या न्हाणीघरात काळोख करून फिल्म धूत बसले होते. दार उघडलं असतं तर सगळ्याचीच वाट लागली असती. त्यामुळे त्या बिचाऱ्यांना नोटीस बंद दाराला वाचून दाखवावी लागली. समोरच्या बिल्डिंगीतल्यांची तक्रार होती, की मी दुर्बिणीतून त्यांच्या घरात बघते. शिवाय, लग्नाच्या वयाची मुलगी रात्रीची गच्चीवर काय करते, हा कमिटीचा आपला एक प्रश्न होताच. रविवारी रात्री मीटिंग. खुलासा द्या, नाहीतर चावी द्या.

"त्यांच्या घरात बघण्यासारखं आहे काय?" मी आतून ओरडले. "आणि माझ्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो, सांगा त्यांना!"

"ते तुला कसं गं माहीत?" काकांनी विचारलं.

जिभेला हाड नाही म्हणतात ते मला लहानपणापासून लागू आहे.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. पगारातून जमवून मी दुर्बीण केली होती, तिच्या पाठीवर कॅमेरा बांधला होता आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा रंगीत फोटो काढायचा ध्यास घेतला होता. पण खालच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा हिरवट उजेड आभाळभर पसरायचा. रंगीत स्लाइडवर तेजोमेघ म्हणजे शेवाळलेल्या पाण्यात पडलेलं पिठलं.

उपाय मी एका मासिकात वाचला होता. लेन्सवर गडद लाल फिल्टर लावायचा. तो रस्त्याचा उजेड अडवतो आणि तेजोमेघातल्या हायड्रोजनची लाली तेवढी आत सोडतो. असा एक फोटो काळ्यापांढऱ्या फिल्मवर घ्यायचा, त्याची स्लाइड करायची आणि ती लाली रंगीत फोटोत मिसळायची. वाचायला झकास. करायला गेलं की कळतं.

फोटो घेताना कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ माझा डोळा दुर्बिणीला आणि हात स्क्रूवर. तारा हलला की स्क्रू फिरवून दुर्बीण त्याच्यामागे न्यायची. बॅटरी लावायची नाही, मग घड्याळ बघणार कसं? म्हणून आई. ती सोबतीला म्हणून माझ्याकडे पाठ करून बसायची आणि जप करायची. तिची एक माळ म्हणजे जेमतेम चार मिनिटं. मी पाच माळा सांगायचे. पाच झाल्या की ती म्हणायची, "झाला गो," आणि मी झाकण लावायचे.

त्या दिवशी न्हाणीघरात धूत होते तीच ही लाल फिल्टरची फिल्म. काका गेल्यावर उजेडात धरून पाहिली आणि मी किंचाळले. काय तेजोमेघ उतरला होता! पाच माळांत इतका येणं शक्यच नव्हतं.

"आई, खरं सांग. किती माळा केल्यास?"

"पाच," आई म्हणाली. "म्हणजे, तीन झाल्यो नि तुझो तो सेक्रेटरी वर इलो. 'वहिनी, काय चाललंय' करून माझ्या डोक्याशी उभो. जप मोडलो. मोडलेलो जप देवाक चलना नाय. मगे परत पयल्यापासून पाच केलंय."

आठ माळा! आणि मी ताऱ्यामागे इतकी गुंगले होते, की काका वर आलेलेही मला कळले नव्हते. लाल फिल्टर प्रकाश खातो, त्याला वेळ जास्त द्यावा लागतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मी आईचा मुका घेतला. "हात धुव आधी," ती म्हणाली.

रविवारी मीटिंगमध्ये मी तोंडी खुलासा दिलाच नाही. मागून आणलेले दोन प्रोजेक्टर एकमेकांशेजारी ठेवले आणि भिंतीवर चादर लावली. पहिल्यातून रंगीत स्लाइड पाडली. "हे काय, डाग आहे का चादरीला?" खजिनदार म्हणाले. मग दुसऱ्यातून काळीपांढरी स्लाइड, पुढे नाटकाच्या दिव्याचा लाल जिलेटिन कागद. प्रत्येक तारा दोनदा दिसायला लागला. चावी गेली तर सगळंच गेलं. दुर्बीण काय मोरीत लावणार? आईने कमरेच्या बटव्यातून सुपारीचं खांड काढून प्रोजेक्टरखाली सारलं. मी ते इकडे-तिकडे सरकवत राहिले. तारे जवळ आले, एकावर एक बसले, आणि चादरीवर तो लाल ढग उमलला.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही त्या रात्री वर येऊन आईचा जप मोडलात ना, म्हणून हा फोटो आला." आणि सगळी हकीकत सांगितली.

लोक हसले. काका आधी लाल झाले, मग ताठ बसले. "म्हणजे सोसायटीचं सहकार्य आहे यात," ते म्हणाले, आणि खजिनदारांना तसं लिहूनही घ्यायला लावलं.

ठराव झाला: चावी राहू द्यावी, पण जबाबदार व्यक्ती म्हणून आईच्या नावावर. माझं डोकंच फिरलं. कमावते मी, दुर्बीण माझी, आणि बेजबाबदारही मीच? आईने मुकाट्याने सही केली आणि चावी पदराला बांधली.

मीटिंग संपल्यावर ती घरी न वळता सरळ जिना चढायला लागली. वर जाऊन तिने कुलूप काढलं आणि दुर्बिणीपाशी उभी राहिली. "माका बघूक दी गो."

दोन वर्षं मी तिला थंडीत बसवून घड्याळासारखं वापरलं होतं, आणि एकदासुद्धा विचारलं नव्हतं, आई, तुला बघायचंय का? मला माझीच लाज वाटली. मी मृगाकडे दुर्बीण वळवली. आईने चष्मा काढला आणि डोळा लावला.

"ह्यो तर भुरो दिसता. लाल खंय आसा?"

"दुर्बिणीतूनसुद्धा डोळ्याला लाल दिसत नाही गं, फिल्मलाच दिसतं."

"दिसूक नाय तर नाय," ती म्हणाली, आणि पाय आखडेपर्यंत तिथून हलली नाही.