मामाच्या गाडीचा आवाज बसनं गेला

लग्नाआधीच माह्या मामाच्या घरी एक लाल गाडी आली. उघडी, दोन माणसांची, अन् जमिनीले इतकी खेटून की कुत्रंही खालून वाकून जाये. कोण्या गोऱ्या साहेबाची जुनी गाडी चार हात फिरून आमच्याकडे आली होती. धावे हरणावाणी. पण आमच्या रस्त्यावर बैलगाड्याईच्या चाकोऱ्या, अन् मधात उंचवटा. त्याच्यावर गाडीचं पोट घासे, अन् मामाचं तोंड असं व्हये जसं त्याचंच पोट सोललं.

मामानं इलाज केला. लोहाराकडून मागच्या चाकाईवरच्या पाट्याईच्या स्प्रिंगमध्ये ट्रकचा एक पाटा वाढवला. गाडी उंच झाली. मंग शॉकअप उघडले, तं आतलं तेल संपलेलं. घरात जवसाचं तेल होतं, लाकडी घाण्याचं. "आपल्याले चालते तं हिले काऊन नाई चालणार?" म्हणे, अन् भरलं.

उन्हाळा सरता सरता गाडी लाथा मारायले लागली. खड्डा आला की मागून उधळे.

त्यातच सोनाळा गावची सोयरीक आली. मामाले पोरगी पसंत, पोरीले मामा पसंत. पण पोरीचा बाप मोठा कास्तकार, अन् कंबरेचा दुखणाईत. त्यानं निरोप धाडला, "पोरगी म्हणते याच गाडीत बसून सासरी जाईन. तं पहिले मी बसून पाहीन. माही कंबर दुखली तं सोयरीक मोडली."

"आता काय करू बे भाच्या?" मामा रडकुंडीले आला. "जळगाव जामोदच्या मिस्त्रीकडे नेली तं रस्त्यातच हिचे हाडं मोडतीन."

म्हटलं, "गाडी राहू दे मामा. मी आवाज नेतो."

हेडमास्तरापासून हेल्यापर्यंत सगळ्याईच्या नकला मले येत. दोघाईच्या आवाजात फरक थोडाच होता. मी बसमध्ये बसलो, अन् रस्ताभर तोंडातल्या तोंडात गाडी घोकत गेलो. बाजूची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

गॅरेजात उभा राहून मी सुरू झालो, "धप-टण! कुईं-कुईं-कुईं."

सगळे खो-खो हसले. मिस्त्री नाई हसला. "पुन्हा कर. आता दोन माणसं बसव."

मी दोन माणसं बसवले, आवाज जड केला.

"आता खड्डा."

मी उडालो.

"धप झाल्या झाल्या टण? मंग शॉकअप दबूनच नाई राह्यला. तेल कोणतं टाकलं बे?"

"जवसाचं. घाण्याचं. एक नंबर."

"अरे येड्या, ते सुकून डिंक व्हते! सुतार लाकडाले लावते ते! अन् तो टण जाड पाट्याचा, ट्रकचा दिसते. तो काढा, जीपचा पातळ लावा."

"अन् कुईं-कुईं?"

"पाटे एकमेकाले घासतात. मधात ग्रीस मारजा."

पाटा अन् तेलाचा डबा घेऊन मी परत आलो. आम्ही शॉकअप रॉकेलनं धुतले, बरोबर तेल भरलं, पाटा बदलला. मी भरलेला तांब्या मांडीवर धरून शिवारात चक्कर मारली. पायजमा कोरडा! पण ग्रीस लावायच्या आधीच मामाचा होणारा सासरा दारात उभा.

मामा गाडी चालवे, सासरा बाजूले, मी मागे गुंडाळलेल्या टपावर. गाडी अशी चालली जशी तळ्यात बदक. पण पहिल्याच वळणावर कुईं-कुईं.

म्हाताऱ्यानं कान टवकारले. "हे काय वाजून राह्यलं?"

मामाची मान ताठ झाली. मी म्हटलं, "मी आहो आबाजी. मले नकलाईची सवय आहे." अन् गाडीपेक्षा झकास कुईं-कुईं करून दाखवली.

"मस्त!" म्हातारा बोलला. खिशातून मूठभर फुटाणे काढून माह्या हातात देल्ले. "घे, खा. अन् तोंड बंद ठेव."

मी बकाणा भरला.

कुईं-कुईं-कुईं.

म्हाताऱ्यानं मागे वळून माहे फुगलेले गाल पाह्यले. मंग आपल्या कंबरेवर हात ठेवला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं.

"कंबर तं शाबूत आहे," तो मामाले बोलला. "पण जावईबापू, लग्नाआधी पाट्याईत ग्रीस मारजा. माह्या पोरीच्या डोक्याले तुमचा हा भाचा पुरे आहे."

"जावईबापू" ऐकलं, अन् मामानं रस्त्यातच गाडी थांबवली, खाली उतरून त्याच्या पाया पडला. मले बोलता येत नव्हतं. तोंडात फुटाणे होते.

ग्रीस मंग मीच लावलं, दोन्ही बाजूले.