रुकय्याबाईंच्या खिडक्यांवरची काच

खिजरभाई दाभोळचे. बहरीनमध्ये ते सुतार म्हणून आले, पण त्यांचं बरंचसं आयुष्य खिडक्या काढण्यात गेलं. जुन्या घरांच्या सागवानी खिडक्या उखडायच्या आणि तिथे ॲल्युमिनियमच्या बसवायच्या, हे त्यांच्या कंपनीचं काम. काढलेल्या खिडक्या ट्रकमधून कुठे जातात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी विचारलं, तर विषय बदलायचे.

ब्याण्णव साली बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, मी भाड्याने राहत होतो त्या घरी ते आले. घरमालकीण रुकय्याबाई, वयस्क विधवा. माडीवरच्या खिडक्या त्यांच्या सासऱ्यांनी करवून घेतलेल्या, वर रंगीत काचांची अर्धगोल कमान. पण फटींतून धूळ आत यायची आणि एसीचा गारवा बाहेर जायचा. म्हणून मुलगा हुसेन त्या बदलायला निघाला होता. बाई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि हलेनात.

खिजरभाईंनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि अरबीत हुसेनला एक तोड सुचवली. कोकणात पावसाआधी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात आणि दिवाळीत सोडतात, तशी बाहेरून काचेची चौकट आकड्यांवर टांगायची. जुन्या लाकडाला खिळा लागणार नाही आणि थंडीत चौकट उतरवता येईल. हुसेनने एका खिडकीपुरती परवानगी दिली. ऑगस्टमध्ये ती टिकली तर बाकीच्या वाचतील, नाहीतर सगळ्या जातील.

चौकट सुरेख झाली. धूळ बरीच कमी झाली, खोली गार राहू लागली. मग ऑगस्टची दमट हवा आली आणि एका सकाळी दोन काचांच्या मधे पाणी साचलेलं दिसलं. जुन्या खिडकीच्या बाहेरच्या अंगावर थेंब लोंबत होते, लाकूड फुगून झडप अडकली होती.

हुसेन म्हणाला, "खलास. उद्या ॲल्युमिनियम."

खिजरभाईंना मी निरोप धाडला. ते आले, चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिथेच उकिडवे बसले. तिथे त्यांनी बोटभर फट ठेवली होती. पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून.

"सकपाळसाहेब," ते मला मराठीत म्हणाले, "ही खिडकी मी दाभोळात बसवली."

इथे निथळायला पाऊसच नव्हता. उलट त्या फटीतून दमट हवा आत शिरून एसीने गार पडलेल्या काचेवर पाणी धरत होती. ती बंद करायला हवी, इतकंच. पण हुसेनला आता काही ऐकायचं नव्हतं. तेव्हा रुकय्याबाई खुर्चीतूनच बोलल्या.

"तूसुद्धा चालायला लागलास त्या दिवशी पडला होतास. तुला कुणी बदलून आणलं नाही."

गल्लीतल्या दुकानदारापर्यंत हसू गेलं. हुसेनही ओशाळून हसला, आणि आणखी एक संधी मिळाली.

खिजरभाईंनी चौकट उतरवली, लाकूड उन्हात सुकू दिलं आणि फट बुजवून कडेने नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी बसवली. पुढचे दिवस ते कामावर जाताना वाट वाकडी करून यायचे, आत यायचे नाहीत, रस्त्यावरून वर बघून निघून जायचे. मग घराच्या भिंतीसुद्धा घामेजतील अशी एक सकाळ आली. हुसेनने चौकट काढून जुन्या लाकडावर तळहात फिरवला आणि तो तळहात खाली उभ्या खिजरभाईंना दाखवला. कोरडा होता.

"यल्ला," तो म्हणाला, "बाकीच्याही कर."

खिजरभाईंनी होकाराची मान हलवली आणि आमच्या उंबऱ्यावर बसले. चहा दिला तो त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. एरवी अर्धा कप टाकून उठणारा माणूस.

थंडी पडल्यावर ते चौकटी उतरवायला आले. रुकय्याबाईंनी झडपा उघडल्या, थोडा वेळ बसल्या आणि गल्लीत फार गलका आहे अशी तक्रार केली. खिजरभाई म्हणाले, हव्या तर परत लावतो.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली.