रंग उडायच्या आत

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक मुलगी फ्लास्क धरून उभी होती. दुसऱ्या हाताचा तळवा तिनं फ्लास्कच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

फ्लास्कमध्ये आम्ल असतं, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे एकदोन थेंब. वरच्या नळीतून त्यात अल्कली थेंबथेंब सोडायची. प्रत्येक थेंबाला गुलाबी झाक येते आणि हलवलं की जाते. मग एका थेंबाला ती टिकते, अगदी फिकट. तिथंच थांबायचं आणि सरांना दाखवायचं.

"सर, लवकर बघा ना," ती म्हणाली. "मघाशी दाखवायच्या आत रंग उडाला. परत पहिल्यापासून केलं सगळं."

मघाशी तिनं हाक मारली होती. मी बाहेरून आलेल्या परीक्षकांबरोबर चहा घेत होतो. "आलोच," म्हणालो होतो.

आम्ल-अल्कलीचा तो तोल फार नाजूक असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत विरघळतो, पाणी किंचित आम्लाकडे झुकतं आणि रंग जातो. कुणी काही बिघडवलेलं नसतं, नुसती हवा लागलेली असते. माणसांना बरोबर जमलेलं कितीतरी असंच, कुणी बघायला येईपर्यंत विरून जात असेल. आणि आपण सावकाश येऊन विचारतो, कुठं आहे?

तिनं तळवा काढला. रंग होता.

मग वही पुढे केली. किती अल्कली लागली त्याचं पहिलं रीडिंग खोडून तिनं खाली दुसरं लिहिलं होतं. दोन्ही आकडे एकच होते.