मी हात दाखवला होता

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. वणीच्या गडावर देवीसमोर उभा राहिलो तेव्हाही मुद्दाम दुसरंच काहीतरी पुटपुटलो. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून माझा राग आला तर येऊ द्या. मलाही तुमच्याबद्दल काही फार प्रेम आहे असं नाही.

मी नाशिक रोडला राहतो, सरकारी खात्यात नोकरी करतो. पन्नाशीत शुगर निघाली म्हणून सायकल घेतली. आमच्याकडे सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, एक डॉक्टरबाई तो चालवतात. त्यांनी एका वर्षी ठरवलं की कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी निधी गोळा करायचा आणि त्यासाठी सहा जणांनी व्हिएतनाममध्ये आठ दिवस सायकल चालवायची. मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. त्या मुलांसाठी? छे. मला परदेशात जायचं होतं, आणि मी गेलेला कॉलनीने बघायला हवा होता.

आणि मग सरावात माझी जी काही फजिती सुरू झाली — सिन्नर फाट्याच्या सिग्नलला पेडलला अडकवायचा तो खास बूट सुटला नाही आणि मी उभ्याउभ्या आडवा झालो, रिक्षावाल्यांसमोर. गुडघा सुजला. बसायच्या जागी असे फोड आले की ऑफिसात मी फायली उभ्यानेच बघायचो. त्र्यंबकच्या रस्त्यावर पोटऱ्यांत गोळे आले आणि ग्रुपच्या मागे येणाऱ्या टेम्पोत मला सायकलीसकट चढवलं. एकदा नाही, तीनदा. टेम्पोवाला तर चौथ्या वेळी मला बघून आपणहून गाडी हळू करायला लागला. डॉक्टरबाई म्हणायच्या, होईल हळूहळू. मला त्यांच्या त्या गोड आवाजाची चीड यायची.

त्यात केदा आला.

केदा माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कळवणकडच्या एका शाळेत मास्तर. तो आला तोही माझ्याच बायकोच्या कृपेने — ह्यांना सोबत होईल, असं तिनेच बहिणीला फोनवर सांगितलं. माणूस काटक, काळा, बोलायला मोकळा. लहानपणापासून शेतातून शाळेत आणि शाळेतून शेतात सायकलच मारलेली. दोन महिन्यांत तो ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे गेला. घाट चढताना गाणी म्हणायचा. तुम्ही धापा टाकत असताना कुणी गाणी म्हटलेली तुम्हाला आवडतील का?

पण खरा राग गाण्यांचा नव्हता. सांगतो. आमच्या सासरी थोरला जावई म्हणजे थोरला जावई. ताट आधी माझं वाढायचं, पाट माझा आधी मांडायचा, मी उठल्याशिवाय धाकट्याने हात धुवायचे नाहीत. केदाने हे सायकलीवर आणलं! तो माझ्या पुढे जायचाच नाही. ग्रुप पुढे निघून जायचा आणि हा माझ्या मागे, माझ्या चालीने, ब्रेक दाबत दाबत. मी म्हणायचो, जा की पुढे. तर म्हणायचा, "आसं कसं भाऊ, तुम्ही थोरले." सगळा ग्रुप कौतुकाने बघायचा. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण मला, त्याला आणि टेम्पोवाल्यालाही ठाऊक होतं की हा मान नाही, हा मला सांभाळून नेतोय.

जानेवारीत पाच नावं पक्की झाली. सहाव्या जागेसाठी उरलो आम्ही दोघे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, नांदुरीहून गडाचा घाट चढायचा, उतरायचा, वणीपर्यंत यायचं, मग बघू.

आता तुम्हाला वाटेल, कळलं पुढचं. जागेसाठी याने साडूला पाडलं. तसं असतं तर बरं होतं. हावरट माणूस निदान लोकांना समजतो तरी.

तसं नव्हतं. गडावर चहा घेताना केदाने जागा मला देऊन टाकली. मी चढून आलो होतो खरा, पण कपातला चहा बशीत सांडत होता. तो शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी बाईंना सांगून टाकलं. तुम्हीच जावा. मला काय, शाळेला सुट्टी बी नाय मिळायची." आणि स्वतःच्या बशीतलं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं.

म्हणजे जागा मिळाली होती मला. हे नीट ऐका, कारण माझ्याकडे तेवढंही कारण उरत नाही.

आम्ही उतरलो. घाट संपला, नांदुरी मागे पडली, रस्ता जरा उताराचा. आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. मागचा माणूस पुढच्याच्या चाकाला अगदी चिकटून चालतो, म्हणजे त्याला वारा लागत नाही. पण मग त्याला पुढचा रस्ताही दिसत नाही. म्हणून पुढच्याने खड्डा आला की हात खाली करून बोट दाखवायचं आणि ओरडायचं. चुकायचं नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात, सायकल नंतर. केदा माझ्या मागे होता, नेहमीसारखा. गाणं म्हणत होता.

रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी खड्डा होता. मला तो लांबूनच दिसला — घमेलंभर नाही, चांगली टोपली बसेल एवढा. माझा डावा हात हँडलवरून सुटलासुद्धा. सुटला, आणि मी तो परत ठेवला. किती वेळ असेल? एक श्वास. त्या श्वासात माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. पडू दे याला एकदा. टेम्पोत बसू दे. बघू दे कसं वाटतं.

मी खड्डा चुकवला. मागे गाणं थांबलं.

तो उजव्या खांद्यावर पडला होता. मी सायकल टाकून धावलो, हे खरं आहे. रडलो, हेही खरं आहे. पुढून बाई परत आल्या, टेम्पो आला. कुणी मला काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "मी हात दाखवला होता." बाई केदाच्या खांद्याशी वाकल्या होत्या. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. केदा रस्त्यावर पडल्यापडल्या माझ्याकडे बघत होता. त्याने डोळे बारीक केले, आठवत असल्यासारखे. मग म्हणाला, "दाखवला आसंल. भाऊ कसे इसरतील."

दाखवला असेल, म्हणाला. नाशिकला दवाखान्यात पोचेपर्यंत ते बदललं. त्याची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, धावत आली तेव्हा तो तिला सांगत होता, "भाऊंनी हात दाखवला व्हता. माझंच ध्यान नव्हतं, गाणं म्हणत व्हतो." ती त्याच्यावर खेकसली. मी शेजारी उभा होतो. मी तिला म्हणालो, जाऊ दे, होतं असं. वर हे बोललो मी!

दोन ऑपरेशनं झाली. हात खांद्याच्या वर जात नाही. मास्तर माणूस — फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर लिहितो, वरचा अर्धा कोरा असतो. मेव्हणी त्याच्या डोक्यावरून शर्ट काढून देते. गाणं त्याने सोडलं. सायकलीवरच नाही, घरातही. गाण्याच्या नादात स्वतःचं वाटोळं केलं, असं तो शाळेतल्या पोरांना गोष्टीसारखं सांगतो, आणि हसतो. दिवाळीला सासरी जमलो की पाहुण्यांनाही सांगतो. मी ताटावर बसलेला असतो, अर्थात आधी वाढलेल्या.

मी व्हिएतनामला जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी गुडघा गेला, उरलेला प्रवास गाडीत. कॉलनीने तरीही शाल-नारळ दिलं. मी भाषणात केदाचं नाव घेतलं, आवाज जड केला. लोकांनी डोळे पुसले. एवढ्या नीचपणासाठी मराठीत शिवी असेल तर तुम्हीच शोधा, मला शोधताना दरवेळी आपलीच दया यायला लागते आणि मी थांबतो.

सांगायला वेळ नव्हता का? तीन वर्षं होती. आधी मला बायकोची भीती वाटायची, मग मेव्हणीची. आता वाटते ती केदाची, की तो ऐकून घेईल आणि म्हणेल, जाऊ द्या भाऊ. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही. अजूनही मला त्याचा रागच येतो. बघा, इतकं करून वर रागही मलाच.

या हिवाळ्यात तो पुन्हा सायकलीवर बसला. डॉक्टरांनी परवानगी दिली. महिन्यातून एकदा शनिवारचा मुक्काम आमच्याकडे करतो आणि रविवारी सकाळी आम्ही दोघेच निघतो. मी पुढे, तो मागे. त्यात बदल नाही. मी आता प्रत्येक खड्ड्याला हात दाखवतो, बारक्या खडीलासुद्धा. आणि दर वेळी तो मागून मोठ्याने ओरडतो, "दिसला भाऊ, दिसला!" — आपलं या वेळी ध्यान आहे, याची मला खात्री पटावी म्हणून.