जयवंतीला सांगितलेलं खोटं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला सांगणार होते, पण धीर गोळा होईपर्यंत ती गेली. तुम्हाला का सांगतेय? — ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. राहायला डहाणूत, नवरा रेल्वेत. वर्गात माझा आवाज खणखणीत. पोरांपुढे मी नाचतेही. पण समोर चार मोठी माणसं बसली की — संपलं. डोक्यात एकच चक्र: यांना माझी भीती दिसतेय, हे हसणार, ही शिक्षिका झालीच कशी म्हणणार. कोणी कधी हसलं होतं का? नाही. तरी माझी खात्री होती. आधी मी सभेत बोलणं टाळलं, मग लग्नकार्यांना जाणं, मग फोन उचलणं. टाळलं की हायसं वाटायचं आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन यायची. हे सगळं मला चांगलं कळत होतं. ते लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते अजाणता केलेलं नाही.

२०१४ साली जयवंती माझ्या सातवीच्या वर्गात होती. वारली घरातली, आईबाप बोर्डीकडे चिकूच्या वाडीत मजुरीला. काय बोलायची पोरगी! आसपासच्या शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पाड्यावरच्या पाण्याबद्दल बोलली — अर्धं शाळेच्या मराठीत, अर्धं घरच्या बोलीत — आणि बसलेले मास्तर लोक हसायच्या जागी हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. तालुक्याला तिची निवड झाली. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. मग निरोप आला: सोबतच्या शिक्षकाने मंचावर येऊन विद्यार्थ्याची ओळख करून द्यायची. दोन मिनिटं. माइकवर.

दोन मिनिटं हो! — तेवढ्यासाठी.

मला अन्न गोड लागेना. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी वरिष्ठांना कळवलं, जयवंती तापाने फणफणलीय. हे एक खोटं. पण जयवंती तर समोर उभी होती, धडधाकट, केसांना तेल लावून. तिला काय सांगणार? ‘मला भीती वाटते’ एवढं म्हणता आलं असतं. पोरीने समजूनही घेतलं असतं. मी म्हटलं, तुझं नाव कमी केलंय. तुझी भाषा बरोबर नाही, लोक हसतील, असं तालुक्याच्या साहेबांचं म्हणणं आहे.

माझ्या डोक्यातलं वाक्य उचलून मी तिच्या डोक्यात ठेवलं. तिथे ते काय करणार, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“बाई, मी अजून पाठ करीन,” ती म्हणाली. “मग चालंल?”

“नाही,” मी म्हटलं. आणि घरी येऊन पोटभर जेवले.

त्यानंतर वर्गात तिचा हात वर झाला नाही. काही विचारलं तर ओठांतल्या ओठांत शब्द घोळवायची, मग मान हलवून गप्प. आठवीला दुसऱ्या शाळेत गेली. वर्षभरात शाळा सोडली म्हणून कळलं. माझ्यामुळेच का? असेल, नसेल — त्या ‘नसेल’मध्ये मी बरीच वर्षं लपून काढली.

२०१९ मध्ये ती डहाणूच्या सरकारी दवाखान्यात दिसली. कडेवर धाकटा भाऊ, निपचित. सिस्टर विचारत होत्या, ताप कधीपासून, उलट्या किती, आणि ही खाली मान घालून उभी. मागची रांग कुरकुरत होती. मी दिसले तसा तिने माझा हात धरला.

“बाई, तुम्हीच सांगा ना. मला नीट बोलता नाय येत. लोक हसतात.”

ती माझ्या कानात सांगत गेली, मी मोठ्याने बोलत गेले. आवाज कापत होता, पण माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पोराला आत घेतलं, सलाइन लावलं. मग आम्ही दोघी बाकावर बसलो, बराच वेळ. तेव्हा सांगता आलं असतं — तुझ्या भाषेत काही खोट नव्हती, साहेब काहीच म्हणाले नव्हते, ते मी म्हणाले होते. ऐकायला ती एकटीच होती. तेही मला जमलं नाही.

निघताना ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.